आठवा फर्मा

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बाबांनी तुला नमस्कार कळवायला सांगितलाय, तो वेगळा. हा माझा. आशीर्वाद मात्र पत्र पूर्ण वाचल्यावर दे, आधी दिलास तर पुढे पस्तावशील.

बाइंडिंगच्या कारखान्यातल्या कटिंग मशीनने तुझे कान खाल्ले, म्हणून आपण फोनऐवजी पत्रं लिहितो. आज पहिल्यांदाच त्या मशीनचे आभार मानावेसे वाटले, कारण ही गोष्ट तोंडाने सांगायला मला जमलं नसतं.

गेल्या महिन्यात माझ्या क्रेनकडून अपघात झाला. मी वर केबिनमध्ये होते, दोनशे बारा पायऱ्या चढून बसायचं ते माझं घरटं. खाली बावटेकाका होते. ते त्यांचं आडनाव नाही. लाल-हिरवा बावटा हातात घेऊन तेच मला इशारे देतात, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणतात. मी लोखंडी तुळई फिरवत होते आणि त्याच वेळी मनातल्या मनात बाबांशी भांडत होते. 'पोरीच्या जातीने इतक्या उंचावर चढायचं काय अडलंय' हे त्यांचं नेहमीचं पालुपद, आणि त्याला द्यायची उत्तरं मी जुळवत होते. भांडण छान रंगलं होतं आणि मी जिंकत होते. तेवढ्यात तुळई परांचीला घासली. बावटेकाकांनी बाजूला उडी मारली, पडले, उजवं मनगट मोडलं. दुसऱ्या कोणाला काही झालं नाही, हे नशीब.

चौकशी सुरू झाली. इशारा स्पष्ट दिसला नाही, असं मी लिहून दिलं. सध्या मला खाली स्टोअरमध्ये बसवलं आहे. २८ मार्चला परीक्षा आहे, ती पास झाले तर पुन्हा वर. बाबा म्हणतात, देवाने खूण दिली, आता आपल्या दुकानात बस. आत्या, मला दुकानात बसायचं नाही. त्या केबिनमध्ये बसल्यावर मला जसं वाटतं, तसं जमिनीवर कुठेच वाटत नाही.

पण भीती वाटते, कारण मन पुन्हा पळेल. सगळे सांगतात, लक्ष दे. लक्ष द्यायचं कसं, ते कोणी सांगत नाही. चाळीस वर्षं जगभरचं तत्त्वज्ञान तुझ्या हाताखालून गेलंय. शहाण्या माणसांनी यावर काहीतरी लिहिलं असेलच. भानावर राहून नीट जगायचं कसं, हे सांगणारं एक पुस्तक मला पाठव. एकच पाठव, मला फार वाचनाची सवय नाही.

तुझी,
चिमणी


११ फेब्रुवारी

चिमणे,

पत्र पूर्ण वाचलं आणि आशीर्वाद दिला. दिलेला आशीर्वाद परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, तेव्हा निश्चिंत राहा.

आधी तुझ्या बापाबद्दल. दादाचं मनावर घेऊ नकोस. लहानपणी माळ्यावरचा डबा काढायचा असला तर तो स्टूल धरायचा आणि मला वर चढवायचा. उंचीची भीती त्याची आहे, तुझ्या नावावर खपवतोय.

आता पुस्तक. तू योग्य माणसाला विचारलंस. एक जाड पुस्तक माझ्या मनात आहे. वाचनालयाने रद्दीत काढलं होतं, मी उचलून आणलं. पहिली पानं गेलेली आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव कळत नाही. ते बरंच आहे, नाव मोठं असलं की माणूस पानापेक्षा नावालाच जास्त मान देत बसतो. कोणी जुना विचारवंत आहे, सरळ बोलतो, उगाच शब्दांची आतषबाजी करत नाही. मी त्यातलं पान न् पान पाहिलेलं आहे. शिलाई सुटली आहे, ती नव्याने घालते, नवा पुठ्ठा चढवते आणि आठवड्याभरात पाठवते.

वाचायचं कसं, तेही सांगते. रोज चार पानं, त्याहून जास्त नाही. हातात पेन्सिल ठेवायची. जे पटेल त्याच्याखाली रेघ मारायची, जे पटणार नाही त्याच्याखाली दोन. आणि वाचलेलं दुसऱ्या दिवशी कामात वापरून बघायचं. नुसतं वाचून शहाणं होता आलं असतं तर आमच्या कारखान्यातला उंदीरही पंडित झाला असता, त्याने किती ग्रंथ पचवलेत ते मला विचार.

तू पास होशील. मला त्यात काडीची शंका नाही. हात तुझा पक्का आहे, मन तेवढं हाताच्या शेजारी बसवायचं आहे.

बावटेकाकांच्या मनगटाचं पुढे काय झालं, ते तू लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
आत्या


२ मार्च

आत्या,

तुला नमस्कार आणि तुझ्या त्या बिननावाच्या म्हाताऱ्याला साष्टांग. पुस्तक काय पाठवलंस गं! बांधणीही अशी की हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही.

रोज चार पानं वाचते. पहिला आठवडा डोक्यावरून गेला. मग एक दिवस त्याने लिहिलेलं करून बघितलं: जे हातात आहे तेवढंच करायचं, दुसरं मनात आलं तर त्याला 'थांब' म्हणायचं आणि पुन्हा हाताकडे यायचं. स्टोअरमध्ये मी नट-बोल्ट आणि हातमोजे वाटते. आता नट मोजते तेव्हा फक्त नट मोजते. पहिल्या दिवशी शंभरात अकरा वेळा पळालं मन, काल फक्त तीनदा. बाबा टोमणे मारतात तेव्हा मला राग येत नाही, त्यामुळे आता बाबांनाच राग येतो. एकूण घरात शांतता आहे.

पण सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो ११२व्या पानाचा. अपघातानंतर मला नीट झोप नव्हती, हे मी तुला लिहिलं नव्हतं. डोळे मिटले की बावटेकाका पडताना दिसायचे. अशाच एका रात्री तुझा चार पानांचा नियम मोडून पुस्तक मधूनच उघडलं, तर हे पान निघालं. त्या पानाच्या शेवटी तो म्हणतो, 'घडलेली चूक म्हणजे हातून सुटलेला दगड. त्याच्यामागे धावून तो परत हातात येत नाही.' आणि लगेच पुढच्या पानाच्या सुरुवातीला: 'म्हणून अशा माणसाला झोप शांत लागते.' आत्या, मी त्या दोन्ही वाक्यांखाली इतकी जाड रेघ मारली की कागद फाटायचा राहिला. त्या दिवसापासून मी शांत झोपते.

तू बावटेकाकांचं विचारलंस. मनगट जुळतंय म्हणतात. चौकशी पुरी होईपर्यंत त्यांना कामावर बोलावलेलं नाही. इशारा चुकला असावा असं ऑफिसचं मत आहे. आधी मला त्याने टोचायचं, त्यांच्या घरी जाऊन यावं असंही वाटायचं. आता कळतं की ऑफिसने काय ठरवावं, लोकांनी काय समजावं, हे आपल्या हातात नसतं. जे हातात नाही त्याच्यासाठी जीव जाळू नये, असं तुझा म्हातारा चाळिसाव्या पानावर सांगतोच. मी परीक्षेची तयारी करतेय. मन इतकं स्वच्छ आहे की आज परीक्षा घेतली तरी चालेल.

तुझी,
चिमणी


८ मार्च

चिमणे,

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच थंड झाला. आता जे लिहिते ते बसून वाच.

तुझ्या पुस्तकात एक फर्मा कमी आहे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. असे फर्मे ओळीने लावून, शिवून पुस्तक होतं. ११२व्या पानाला सातवा फर्मा संपतो. पुढचं पान ११३ हवं. तुझ्या पुस्तकात ते १२९ असणार, वरचा आकडा बघ. आठवा फर्मा माझ्या पिशवीत आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर चहाच्या कपाचं वर्तुळ.

तो पिशवीत कसा गेला, ते सांगायचं तर आधी दुसरं एक कबूल करावं लागतं. मी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. हे नाही आणि दुसरंही नाही. चाळीस वर्षांत मी हजारो ग्रंथ बांधले आणि त्यांचे फक्त पानांचे आकडे वाचले. सोळानंतर सतरा आलं की माझं काम झालं. 'पान न् पान पाहिलंय' असं मी तुला लिहिलं, ते खोटं नव्हतं. पाहिलंच होतं. घरातले मला पंडित समजतात ते मला गोड वाटायचं, म्हणून कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा लाज वाटली. पोर जिवाच्या आकांताने विचारतेय आणि मी तिला न वाचलेलं पुस्तक पाठवणार. म्हणून शिलाई उसवल्यावर मधलाच एक फर्मा उचलून घरी नेला, वाचून तर बघू म्हटलं. पाच दिवस तीच सोळा पानं वाचत होते. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक माझ्याशी बोललं, चिमणे. त्या आनंदात मी कारखान्यात तरंगत गेले, बाकीचे फर्मे जुळवले, शिवले, पुठ्ठा चढवला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा आकडे तपासायला विसरले. भानावर कसं राहावं ते वाचून मीच भान हरपले. हसायचं असेल तर हस, मी काही म्हणणार नाही.

पण यानंतरचं हसण्यासारखं नाही. माझा फर्मा सुरू होतो तोच असा: 'पण तो दगड कोणाला लागला, हे पाहायला मात्र गेलंच पाहिजे. जो जात नाही, त्याची शांती ही शांती नव्हे, तो नुसता निसटलेला माणूस.' मला कळेना, हा कुठला दगड? तुझ्या पत्रात तो सापडला. दगड तुझ्याकडे होता आणि 'पण' माझ्याकडे. पुढची सोळा पानं तो एवढंच सांगतो: त्या माणसासमोर उभं राहावं, जे केलं ते त्याच्या तोंडावर सांगावं, आपल्यामुळे त्याचं जे गेलं असेल ते भरून द्यावं, आणि त्याने क्षमा केलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. 'म्हणून अशा माणसाला झोप शांत लागते' हे त्या सोळा पानांनंतर येतं, आधी नाही.

मी वाचून गप्प बसले नाही. बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे शाळेच्या पुस्तकांचा मोठा गठ्ठा उलट्या फर्म्याने गेला होता. जुळणी माझी होती. मालकांनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिले, आणि शिलाईवालीची नोकरी गेली. गेल्या महिन्यात, तुला पार्सल केल्यावर, मी तिच्या घरी गेले. दारातच सगळं सांगितलं, आत जायचा धीर नव्हता. ती म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं. बारा वर्षं कशाला लावलीस? माझा पत्ता बदललेला नव्हता." मग आत बोलावलं, चहा दिला. गोड बोलली नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नाही. पण परत येताना माझी पावलं हलकी होती. कारखान्याच्या मालकांनाही सांगून झालंय.

आता तुला एकच विचारते आणि उत्तर सरळ दे. इशारा दिसला नव्हता, की तू पाहिला नव्हतास?

फर्मा सोबत पाठवतेय.

आत्या


१३ मार्च

आत्या,

पाहिला नव्हता.

लाल बावटा वर होता. माझी नजर तिकडे गेली तेव्हा तो आधीपासून वर होता, किती वेळ ते माहीत नाही. चौकशीच्या खोलीत कागद समोर आला आणि माझ्या हाताने 'स्पष्ट दिसला नाही' असं लिहिलं. तेव्हा ते मला अर्धं खरं वाटलं होतं. नंतर मी ते पूर्ण खरं करून घेतलं, तुझ्या म्हाताऱ्याच्या मदतीने.

सोळा पानं वाचली. तुला पाच दिवस लागले म्हणतेस, मला एकही शब्द अडला नाही. आता ऐक, तुला हे बोलणं सोपं आहे. तुझी नोकरी संपत आलीय, तुझ्या मालकांनी बारा वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर मान हलवली असेल आणि कामाला लागले असतील. मी खरं सांगितलं तर परीक्षाच होणार नाही. केबिन गेली. बाबा म्हणतील, बरं झालं. आणि मी आयुष्यभर त्या दुकानात बसून ज्यांना खरं सांगितलं त्यांची नावं आठवत राहीन.

परीक्षा २८ला आहे. तोपर्यंत मला पत्र लिहू नकोस.

चिमणी


३ एप्रिल

चिमणे,

लिहू नकोस म्हणालीस, २८ तारीख उलटून गेली म्हणून लिहिते.

तुझं काही कळलं नाही. दादाला विचारलं तर तो म्हणतो, ती बोलत नाही, सकाळी जाते, अंधार पडायच्या आत येते आणि जेवून झोपते. वर चढतेस की नाही, हेही त्याला माहीत नाही. म्हणजे तू त्याला सांगितलेलं नाहीस.

तुझं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. माझं फारसं काही पणाला लागलं नव्हतं. मालक म्हणाले, "आता त्याचं काय?" आणि खरंच कामाला लागले. तुझं सगळं पणाला लागलं आहे. तरीही मी त्या सोळा पानांतलं एक अक्षर मागे घेणार नाही. तू काहीही ठरवलं असलंस तरी मी तुझी आत्या आहे आणि माझ्या दाराला तुझ्यासाठी कडी नाही. पण तू खोटेपणावर बसून वर चढावंस असं मला वाटत नाही, आणि ते तुला माझ्याशिवाय दुसरं कोणी सांगणार नाही.

परीक्षेचं काय झालं? दोन ओळी लिही.

आत्या


१९ एप्रिल

प्रिय आत्या,

परीक्षा झाली नाही.

२६ तारखेला मी बावटेकाकांच्या घरी गेले. ते ओट्याशी बसून डाव्या हाताने वाटाणे सोलत होते, उजव्यावर अजून पट्टी. मी पायरीवरूनच सांगितलं: तुमचा इशारा बरोबर होता, मी बघितलाच नाही, आणि कागदावर खोटं लिहिलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते आणि रडले नाही. त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाले, "एकोणतीस वर्षं बावटा धरलाय मी. गेले दोन महिने रोज तो दिवस आठवतो आणि स्वतःलाच विचारतो, हात वर गेला होता ना? माझा माझ्या हातावरचा विश्वास गेला होता, पोरी."

आत्या, त्यांचं काम थांबलं, मनगट मोडलं, हे मी धरून गेले होते. हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साइटच्या मुख्य बाईंना लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंस? मी म्हटलं, माझ्याच. परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेतला आहे. नंतर अर्ज करता येईल, मिळेलच असं नाही. काकांना त्याच आठवड्यात कामावर परत बोलावलं. बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते खूश होतील. ते म्हणाले, "सहा महिन्यांनी अर्ज कर." एवढंच, आणि जेवायला बसले. तूच काहीतरी बोलली असशील त्यांच्याशी, नाकारू नकोस.

मला स्टोअरमध्येच ठेवणार होते. पण काका बाईंकडे गेले. मनगटामुळे हात खांद्याच्या वर जात नाही, मदतीला माणूस लागेल, असं त्यांनी सांगितलं, आणि माझं नाव घेतलं. मी त्यांना विचारलं, राग गेला का? ते म्हणाले, "राग आहे. पण उंचावरून बघायची तुला सवय आहे, तुला खालचं शिकवलेलं लवकर समजेल."

गेले पंधरा दिवस मी खाली उभी असते. काका मागे उभे राहून सांगतात, हात माझा. आत्या, वर बसल्यावर खालचा माणूस करंगळीएवढा दिसतो. खालून वरचा माणूस दिसतच नाही. काचेवर ऊन असतं, आत कोण आहे, बघतोय की नाही, मनातल्या मनात कोणाशी भांडतोय, काही कळत नाही. डोक्यावर लोखंड लोंबतं आणि आपण फक्त हात वर करायचा.

काल चालक नवा होता. तुळई वळवताना ती पुढे जास्त यायला लागली. काका म्हणाले, थांबव, आणि मी लाल बावटा वर केला. क्रेन थांबली नाही. एक क्षणभरच असेल. पण त्या क्षणात मी काकांच्या जागी उभी होते आणि मला हलता येईना. मग क्रेन थांबली. तुळई माझ्यापासून दोन हातांवर हलत राहिली. माझा बावटा वरच होता आणि माझे डोळे भरून आले. समोरचं काही दिसेना.

काका मागून हळू आवाजात म्हणाले, "नजर तिथेच ठेव. रडायचं ते नंतर. आधी ओझं खाली टेकू दे."

मी डोळे उघडे ठेवले, हिरवा बावटा घेतला आणि हाताने खाली, खाली, अजून थोडं असं सांगत तुळई जमिनीवर आणली. साखळी सैल पडली, माणसं बाजूला झाली. मग मी काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले.

तुझी,
चिमणी